वाळूतला तिसरा फटका

डॉक्टरांनी त्याचं फटके मांडायचं कार्ड शर्टाच्या खिशात घातलं, पेन्सिल कानावर अडकवली आणि विचारलं, "मग, निघायचं?"

सकाळचे सात वाजले होते. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. गोल्फ स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी खेळाडूंना जोडीजोडीने सोडतात. संख्या विषम असली की शेवटच्या क्रमांकाचा एकटा उरतो. मग त्याला सगळ्यांच्या आधी पिटाळतात आणि त्याचे फटके लिहायला क्लबचा एखादा हौशी सभासद जोडीला देतात. आज उरलेला तो होता. वय चव्वेचाळीस, त्यातली बावीस वर्षं याच धंद्यात. बॅगही त्याने स्वतःच खांद्यावर टाकली. ती उचलणारा माणूस गेल्या मोसमात एका तरुण खेळाडूकडे गेला होता, आणि त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

जोडीला मिळाले होते ते दातांचे निवृत्त डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून त्यांना एक खोड जडली होती. प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी थांबायचं नाही.

"हॉटेल बरंय ना? बरंच असणार. घरी कोण कोण असतं? मुलं असतीलच."

"एक मुलगी," तो म्हणाला. तोवर डॉक्टर चार पावलं पुढे गेले होते.

काल संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला होता. सगळा हिशेब त्यालाच तोंडपाठ. "भावोजी, उद्याचे अठरा होल पासष्ट फटक्यांत उरका, म्हणजे पुढचं वर्ष पक्कं. सहासष्ट झाले तर खेळणाऱ्यांच्या यादीतून नाव गेलं." मग लेकीने फोन घेतला. पूर्वी ती विचारायची, बाबा, कधी येणार? आता विचारते, किती दिवसांसाठी येणार? त्यात रुसवा नसतो, हेच त्याला लागलं. पाहुण्यांसाठी चादरी काढायच्या असल्यासारखं ती विचारते. मागच्या खेपेला त्याने साखर शोधायला स्वतःच्या घरात तीन डबे उघडले होते, आणि तिने न बोलता चौथा पुढे केला होता.

आज मात्र हात चालत होता. का, कोण जाणे. पंधरा होल झाले तेव्हा पासष्टची आशा जिवंत होती.

सोळाव्यावर त्याचा दुसरा फटका झेंड्याजवळच्या वाळूच्या खड्ड्यात जाऊन रुतला. डॉक्टरांनी तो पाहिला, चुकचुकले, आणि आपला हरवलेला बॉल शोधायला झुडपांत शिरले. तो वाळूत उतरला. अर्धा बॉल आत, समोर उंच कड. त्याने फार विचार केला नाही. वाळूचा एक फवारा उडाला, बॉल कडेवरून अलगद हिरवळीवर पडला, घरंगळत गेला आणि सरळ होलमध्ये उतरला.

उभ्या आयुष्यात असा फटका त्याने मारला नव्हता. हात आपोआप वर गेला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. झुडपं हलत होती, आणि दूरवर पाण्याचे फवारे गवतावर फिरत होते. त्याने हात खाली घेतला, वाळू सारखी केली आणि बॉल उचलून पुसला.

डॉक्टर घाम टिपत बाहेर आले. "झालं का? झालंच असणार." आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी काहीतरी लिहिलं.

अठरावा होल संपल्यावर तंबूतल्या टेबलाशी त्याने कार्ड हातात घेतलं. बेरीज सहासष्ट. त्याने पुन्हा केली. सोळाव्यासमोर तीनच्या जागी चार होता.

"डॉक्टर, सोळावा..."

"माझे नऊ झाले त्यात, विचारूच नका. तुम्ही मात्र वाळूतून काढून पुढच्या एका फटक्यात संपवलात. छान सावरलंत."

नियम त्याला पाठ होता. कमी आकड्यावर सही केली तर खेळाडू बाद. जास्त आकड्यावर केली तर तोच आकडा कायम. अर्धं वाक्य बोलला असता तरी डॉक्टरांनी चार खोडून तीन केले असते. मग आणखी एक वर्ष. हॉटेलच्या तशाच खोल्या, लेकीचा तोच प्रश्न.

टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "सगळं बरोबर?"

"हो," तो म्हणाला. बावीस वर्षांत सही करायला त्याला इतका वेळ कधी लागला नव्हता. कुणीच न पाहिलेला तो एक फटका आता कागदावरही राहिला नव्हता.

गाड्या लावतात तिथे येऊन त्याने घरी फोन केला.

"सहासष्ट," त्याने सांगितलं.

बायकोने विचारलं, "एकानेच गेलं?"

"एकानेच."

"नीट मोजलं ना रे त्यांनी?"

"मोजलं."

मागून लेकीचा आवाज आला, "किती दिवसांसाठी येतोय, विचार ना."

"तिला दे फोन," तो म्हणाला. ती आल्यावर त्याने विचारलं, "साखर कुठल्या डब्यात असते गं आपल्याकडे?"

"तुला कशाला?" ती म्हणाली. "लागली की मी देईन ना काढून."