चाळीस अक्षरांची जागा

माझा स्वभाव खडूस आहे असं ऑफिसात सगळे म्हणायचे आणि मला त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. परदेशातल्या सँडीफोर्डची आमची कंपनी एका ज्ञानकोशाच्या सीडी वेगवेगळ्या भाषांत तयार करायची. ठरल्या तारखेला सगळा मजकूर गोठवणं ही माझी जबाबदारी. त्यानंतर कुणाला साधा स्वल्पविराम हलवायचा असला, तरी माझी सही लागे. पुण्यात सोसायटीच्या मीटिंगांत आवाज चढवून तयार झालेल्या बाईला आणखी काय हवं?

१९९९ च्या नोव्हेंबरात, मजकूर गोठवून चार दिवस झाल्यावर, चिझुरू माझ्या टेबलाशी आली. ती जपानी मजकूर तपासायची. एका नोंदीत चाळीस अक्षरं वाढवायची आहेत म्हणाली. कुठली नोंद, असं विचारल्यावर तिने ‘मोरिवाकी’ हे नाव सांगितलं आणि माझं डोकं फिरलं.

ते नाव मला माहीत होतं. मोरिवाकी हा जपानी आरमारातला अधिकारी, युद्ध पेटल्यावर राजकारणात शिरून मंत्री झालेला. आणि चिझुरूच्या आईचा बाप. उन्हाळ्यात एकदा जेवताना तिनेच सांगितलं होतं, की शेवटच्या महिन्यांत आजोबांनी मंत्रिमंडळात उभं राहून ‘युद्ध थांबवा’ म्हटलं आणि लष्करवाल्यांच्या धमक्यांना भीक घातली नाही. घरी त्यांचा गणवेशातला फोटो आहे, आई रोज सकाळी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवते. तेव्हा मी नुसती मान डोलावली. संध्याकाळी मात्र इंग्रजी आवृत्तीतली नोंद उघडून वाचली. तिथे आणखी एक वाक्य होतं. एका बेटावर विमानतळ बांधायला नेलेल्या मजुरांचा शिधा निम्म्यावर आणण्याच्या हुकमावर याच माणसाची सही होती, आणि त्यात अकराशे माणसं मेली.

हे वाक्य मला झोंबलं, कारण माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ इंग्रजांच्या फौजेत ड्रायव्हर होता. सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडला, तो परत आला नाही. कुठे मेला, कशाने मेला, कुणी कधी कळवलं नाही. माझे वडील अजून जपानी बनावटीचं घड्याळसुद्धा घरात येऊ देत नाहीत.

त्यामुळे ही बया आता आजोबांना धुऊन-पुसून स्वच्छ करायला निघाली आहे, हे मी ठरवूनच टाकलं. "आजोबांची नोंद आहे म्हणून मी नियम बदलणार नाही," मी म्हटलं, शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तिचा चेहरा उतरला. तिने वाद घातला नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बदलाचा छापील फॉर्म तिच्या हातात दिला आणि कारण लिहून आण म्हणून सांगितलं. शुक्रवारी अकराला डिस्क छपाईला जाणार होती. तोवर ती कारणं जुळवत बसेल, असा माझा हिशेब होता.

फॉर्म गुरुवारी दुपारी आला. कारणाच्या रकान्यात दोनच ओळी होत्या: ‘इंग्रजी वाचणाऱ्यांना सांगितलं आहे. जपानी वाचणाऱ्यांना सांगितलेलं नाही.’ सोबतच्या कागदावर नवं वाक्य जपानीत होतं आणि खाली त्याचा इंग्रजी अर्थ. निम्मा शिधा, आजोबांची सही, अकराशे माणसं.

मी तो कागद दोनदा वाचला. मला माझीच लाज वाटली. उठून तिच्या टेबलाशी गेले आणि माफी मागितली. ऑफिसात मी ती पहिल्यांदाच मागत होते, त्यामुळे तीही धड जमली नाही.

मग तिने सांगितलं. टोकियोहून आलेल्या मजकुरात ते वाक्य नव्हतंच. तिला वाटलं, इंग्रजीवाल्यांची चूक असेल. ती सिद्ध करायला म्हणून ती दोन शनिवार लायब्ररीत बसली. चूक नव्हती. आईला कळलं तर, असं मी विचारलं. "आई माझ्याशी बोलणं टाकेल," ती म्हणाली. "पण सीडी बाहेर आल्यावर तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मीच सांगणार."

शुक्रवारी सकाळी नऊलाच आम्ही नोंद उघडून बसलो. आमचा मॅनेजर डेक्लन डोकावला, दोघींचे चेहरे बघून ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे सगळं छान, असं म्हणत सटकला. अडचण अशी होती, की नोंदीची चौकट ठरलेली. ती वाढवणं माझ्याही हातात नव्हतं. नवं वाक्य घालायचं तर तेवढंच काहीतरी काढायला हवं. चिझुरूने एक वाक्य निवडलंसुद्धा होतं. ‘युद्ध थांबवा’ म्हणाल्याचं. ते बरोबर चाळीस अक्षरांचं होतं.

"ते खरं आहे ना?" मी विचारलं.

"हो."

"मग ते का काढतेस?"

"दोन्ही बसत नाहीत. आणि ते वाक्य ठेवलं, तर आई फक्त तेवढंच वाचेल."

मी तिला सगळी नोंद इंग्रजीत सांगायला लावली, शब्दन् शब्द. आरमारातले चार हुद्दे, ते मिळाल्याची सालं, दोन पदकं, सम्राटाने दिलेली पदवी. हे सगळं काढ, मी म्हटलं. ती एकेक करून पुसायला लागली. पदवीपाशी तिचा हात अडखळला, पण तीही गेली. दोन्ही वाक्यं बसली. मी फॉर्मवर सही केली.

दहा वाजले होते, म्हणजे जपानात संध्याकाळचे सात. माझ्या खोलीला दार होतं म्हणून फोन तिने तिथून लावला. मी बाहेर जायला निघाले, तर थांब म्हणाली. आईशी आधी दोन शब्द बोलली आणि मग छापलेल्या कागदावरून सगळी नोंद वाचून दाखवली. पलीकडून काहीच ऐकू येईना. फोन ठेवलाच बहुतेक, असं मला वाटलं.

मग आई काहीतरी बोलली. चिझुरूने शिध्याचं वाक्य पुन्हा वाचलं. आई परत बोलली. चिझुरूने रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हळू वाच म्हणतेय," ती म्हणाली. "ती लिहून घेतेय."

ती तिसऱ्यांदा वाचू लागली, एकेक शब्द सुटा करून. तिचं बोट कागदावर सरकत होतं. अकराशेच्या आकड्यावर ते थांबलं आणि आईचं लिहून होईपर्यंत तिथेच राहिलं.