पट्ट्यावरचा पंप की विजेवरचा?

मी एक जुना पाण्याचा पंप आहे. एवढे सांगितले की लोक लगेच विचारतात, "कुठल्या विहिरीवरचा?" मित्रांनो, मी विहीर कधी पाहिलेली नाही. मी मोटारीच्या इंजिनाच्या तोंडावर बसवलेला पंप आहे. इंजिन चालताना तापते. त्याच्या अंगातून पाणी खेळवायचे, तापलेले पाणी रेडिएटरमध्ये गार व्हायला पाठवायचे आणि गार झालेले परत आत ओढायचे, हे माझे काम. काम इतके सरळ, तरी माझ्या आयुष्याचा मात्र पार गोंधळ झाला.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्यात ओतले, गार झाल्यावर ठोकून बाहेर काढले, लेथवर तासले. मधोमध एक दांडा बसवला. त्याच्या आतल्या टोकाला पाणी ढकलणारी पाती आणि बाहेरच्या टोकाला पुली. पुलीवरून एक रबरी पट्टा इंजिनाकडे गेला आणि आमचे नाते जुळले. इंजिन फिरले की मी फिरायचो, ते थांबले की मी थांबायचो. मला वेगळे मत असे नव्हतेच. खरे सांगतो, त्यासारखे सुख नाही.

आमची गाडी एका मेकॅनिकची होती. घरात सगळे त्यांना बाबा म्हणायचे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांची एकुलती एक मुलगी मागच्या सीटवर बसून शाळेत गेली, मग कॉलेजात गेली. बाबा अधूनमधून बॉनेट उघडायचे आणि शेजाऱ्यांना मला दाखवायचे. "गाडीतलं सगळं बदललं, पण हा पठ्ठ्या एकदाही कुरकुरला नाही," असे म्हणायचे. तेव्हा माझ्या अंगावरचा गंजसुद्धा मला शोभून दिसतो असे वाटायचे.

मग मुलगी मोठी झाली. ती शाळेची बस चालवू लागली आणि तिला ड्रॅग रेसचे वेड लागले. मित्रांनो, ही शर्यत मला आजवर नीट समजलेली नाही. एक सरळ रस्ता. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात. दिवा हिरवा झाला की जीव खाऊन पळतात. तुम्ही पेल्यातले पाणी पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत शर्यत संपलेलीसुद्धा असते! त्यानंतर दोन्ही गाड्या बाजूच्या रस्त्याने सावकाश परत येतात. सावकाशच यायचे होते तर एवढ्या घाईने गेलात कशाला? पण मला कोण विचारतो?

बाबांनी लेकीसाठी गाडी सोलून काढली. मागची सीट गेली, रेडिओ गेला, पायाखालचे गालिचे गेले. मी राहिलो. आणि मग घरात जावई आले.

जावई लिफ्ट दुरुस्त करणारे. माणूस शांत, पण डोक्यात सारखी वीज. एकदा बॉनेटमध्ये डोकावून ते म्हणाले, "बाबा, हा पंप इंजिनाची ताकद चोरतो. पट्ट्यानं फिरायला त्याला जोर लागतो, तो इंजिनाकडूनच जातो. छोटा विजेचा पंप लावू या. तो बॅटरीवर चालेल."

चोर! मी आयुष्यात एक थेंब कधी लपवला नव्हता.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "बॅटरी उतरली, तार सुटली, तर तुमचा तो खेळण्यातला पंप काय करेल? याला तार नाही, बटण नाही. पट्टा आहे तोवर हा आहे."

"पण बाबा, रेस संपली की आपण इंजिन बंद करतो. मग हाही बंद. पाणी जागच्या जागी उकळत बसतं. पुढच्या रेसला आपण तापलेलं इंजिन घेऊन उभे राहतो."

मला दोघांचेही पटले. हीच तर माझी अडचण! बाबा बोलले की मी फुगायचो, जावई बोलले की मनात यायचे, खरेच की, इंजिन तापून तळमळत असते तेव्हा मी शेजारी हातपाय गाळून बसलेला असतो.

मुलीने दोघांच्या मधे उभे राहून कपाळाला हात लावला. "आधी ठरवा, मग मला हाक मारा," म्हणाली आणि बस काढायला निघून गेली.

शेवटी जावयांचे चालले. मला उतरवून फळीवर ठेवले. छोटा विजेचा पंप लागला आणि गाडी खरोखरच चपळ झाली. ते ऐकून मला आनंद व्हावा की वाईट वाटावे, हे कळेना. दोन्ही थोडे थोडे झाले.

पण एका रेसच्या दिवशी रांगेत उभे असताना इंजिनाच्या हादऱ्यांनी त्या पंपाची तार सैल झाली. ठिणग्या उडून त्याची मोटर जळाली. तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकताना पाहून मुलीने स्वतःच इंजिन बंद केले आणि हाताने गाडी ढकलत बाहेर आणली. शेजारच्या रांगेतली गाडी एकटीच धावली आणि जिंकली.

घरी आल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "मी काही बोलत नाही." आणि मग जेवण होईपर्यंत बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी मी परत इंजिनावर!

मला वाटले, आता सारे ठीक होईल. पण पुढच्या रेसच्या दिवशी मुलगी एकामागून एक फेऱ्या जिंकत गेली आणि हरलेल्या गाड्या गळत गेल्यामुळे दोन फेऱ्यांमधला वेळ कमी कमी होत गेला. इंजिन बंद, मी बंद, पाणी आत खदखदतेय. जावई ओल्या फडक्यांनी रेडिएटर पुसत होते. माइकवरून पुकारा झाला, "पुढच्या गाड्या रांगेत या!"

"झाकण उघडून थोडं गार पाणी घालतो," जावई म्हणाले.

"अरे थांब, हात लावू नकोस!" मुलगी ओरडली. तोवर त्यांनी झाकण फिरवले होते.

वाफेचा लोट उसळला. जावयांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत उकळते पाणी आले. ते पाणी माझेच होते, मित्रांनो. मीच ते वर्षानुवर्षे सांभाळून फिरवत आलो होतो. तेच पाणी माणसाला असे भाजते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

मुलीने हेल्मेट फेकले, नवऱ्याचा हात नळाखाली धरला आणि पुकारणाऱ्याला खुणेने सांगून टाकले की आम्ही येत नाही. बाबा झाकण हातात घेऊन नुसतेच उभे होते.

हाताला पट्टी बांधून जावई घरी आले, तेव्हा बाबा गॅरेजात स्टुलावर बसलेले होते. "लाव तुझा विजेचा पंप," ते म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच जावयांना अरेतुरे केले. "मी हट्ट केला नसता तर..."

"तार मीच नीट बांधली नव्हती, बाबा."

"झालं का दोघांचं?" मुलगी म्हणाली. "तुमचंही बरोबर आणि याचंही बरोबर, म्हणून तर माझं डोकं फिरलंय. मला एवढंच हवंय की इंजिन बंद असलं तरी पाणी फिरत राहावं. आणि गाडी चालवताना पाण्याची काळजी मनात नको. पंपात खोट आहे का काही?"

"पंपात?" बाबा म्हणाले. "छे. पंप खणखणीत आहे."

"मग पंप तोच ठेवा. त्याला फिरवणारा बदला."

बाबा उठून भंगाराच्या पेटीत विजेची मोटर शोधू लागले.

जावयांचा हात बांधलेला, आणि बाबांना विजेतले काही कळत नव्हते. त्यामुळे बाबांचे हात आणि जावयांचे तोंड असे काम सुरू झाले. "लाल तार तिकडे. नाही बाबा, ती नव्हे, दुसरी. आता घट्ट आवळा." "किती आवळू?" "तुम्ही नट आवळता तशी नको, तुटेल!" दोघे हसायला लागले. माझ्या शेजारी एक मोटर बसली. माझा इंजिनाकडे जाणारा पट्टा गेला आणि त्या मोटरकडे एक छोटा पट्टा आला. बॅटरी उतरू नये म्हणून दोन फेऱ्यांच्या मधे चार्जर लावायचे ठरले. मी थांबलो तर मुलीसमोर लाल दिवा लागेल, अशीही सोय झाली.

जावयांनी डाव्या हाताने बटण दाबले आणि मी फिरू लागलो. इंजिन गप्प होते! मी घाबरून गेलो. जन्मभर ज्याच्या मागे फिरलो ते झोपलेले, आणि मी एकटाच जागा. कुणाच्या हुकमाने फिरतोय मी? पण पाणी वाहत होते, आणि झोपलेल्या इंजिनाचे अंग हळूहळू निवत होते.

त्या मोसमात मुलगी अंतिम फेरीपर्यंत गेली आणि अगदी थोडक्यात हरली. गाडीतून उतरली ती मात्र हसत होती. "काट्याकडे एकदाही बघितलं नाही मी," म्हणाली. जिंकलेला गडी आमचे बॉनेट बघायला आला. "हा पट्ट्यावरचा पंप आहे की विजेवरचा?" त्याने विचारले.

"आमच्या जावयांना विचारा," बाबा म्हणाले.

"बाबांना विचारा," जावई म्हणाले.

कुणीच सांगितले नाही. मला विचारले असते तर मलाही सांगता आले नसते.

आता त्या गाडीत नवे इंजिन आहे आणि मी गॅरेजच्या खिडकीत आहे. मित्रांनो, गरम रेडिएटरचे झाकण घाईने उघडू नका, कितीही पुकारा होऊ द्या. आणि एखादी वस्तू निकामी म्हणून टाकण्याआधी, तिला नीट फिरवणारे कुणी मिळाले होते का, तेही बघा. बाबा आता थकले आहेत. कामाला येत नाहीत, पण चहा झाला की खिडकीशी येतात, एका बोटाने माझी पुली फिरवतात आणि कान लावून ऐकतात. कधी जावईही येऊन तसेच करतात, व्रण असलेल्या हाताने. काय ऐकतात, मला कळत नाही. मी आपला फिरतो.