पाऱ्याचा श्वास

डिमोनाच्या कारखान्यातल्या आमच्या लॅबमध्ये त्या पंपाला सगळे इमॅन्युएल म्हणत. मी म्हणत नसे. ते माझ्या नवऱ्याचं नाव, आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हे आईनं रेवदंड्याला शिकवलेलं. कोकण सोडून इथे यहुद्यांच्या देशात येऊन इतकी वर्षं झाली तरी जीभ वळत नाही.

पंप यांनीच सांभाळलेला, म्हणून ते नाव. ओले नमुने काचेच्या भांड्यात वाळत ठेवायचे. पंप आतली हवा खेचत राहणार, आणि आपण बारीक झडपेतून चिमूटभर हवा परत आत सोडायची, म्हणजे दाब एका जागी राहतो. शेजारच्या नळीत दाब दाखवणारा पारा. यांनी झडपेला बोट लावलं की पारा निवांत उभा राही. मी आपली बाटल्या धुवायची, नमुने मांडायची.

मग यांची छाती कफानं भरली, ताप चढला. बेर-शेव्याच्या इस्पितळात नेलं, आणि इकडे पारा हलू लागला. हळू वर चढायचा, वर किंचित थांबायचा, मग सुस्कारा टाकल्यासारखा खाली.

योराम आमचा केमिस्ट, शेजाऱ्यांचा मुलगा, इथेच जन्मलेला. त्यानं सांध्यासांध्याला ॲसिटोन लावून पाहिलं.

"गळती कुठेच नाही, दोदा." मावशीला हिब्रूत दोदा. "मग हा नाचतोय का?"

"नाचत नाही रे. दम घेतोय."

"तू उपास फार करतेस. आज सोमवार ना?"

हसला तो. पण ज्या माणसाशेजारी जन्म काढला त्याचा श्वास मला कळणार नाही होय? हेसुद्धा श्वास वर ओढून तिथे जरा थांबत, काही विसरलेलं आठवत असल्यासारखे. संध्याकाळी इस्पितळात यांच्या खाटेशी बसून पाहिलं. तोच ठेका.

डॉक्टरांनी आशा नाही म्हणून मान हलवली तेव्हा सिनेगॉगमध्ये यांचं नाव बदललं. मरणाचा दूत नाव विचारत येतो. त्या नावाचं इथे कोणी नाही म्हटलं की परत फिरतो. प्रार्थना चालवणारे हज्जान म्हणाले, आजपासून हे हाईम. हाईम म्हणजे जीवन. मी आमच्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलले.

दुसऱ्या दिवशी योरामनं नवी झडप आणली. पारा नळीत सोडलेल्या तारेला टेकला की ती आपोआप उघडमीट करणार, माणसाचं बोट नको.

"आज राहू दे रे बाबा."

"दोदा, मला सरळ रेघ हवी. याचे उसासे किती दिवस ऐकू?"

त्यानं बटण दाबलं. पारा चढला, तारेला टेकला, आणि काचेवर रंगवल्यासारखा स्थिर झाला. पारा थांबला, म्हणजे तिकडे... शेमाची प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव बाहेर पडलं.

"इमॅन्युएल!"

पारा एकदाच उसळला. पंप घरघरला आणि बंद पडला. दार बंद होतं, तरी माझ्या पदराला वारा लागला, कोणी अगदी जवळून गेल्यासारखा. आणि मग उमगलं. आम्ही यांच्यावरून उतरवलेलं नाव मी हाक मारून त्या दूताला पंपावर दाखवलं होतं.

फोन वाजला. मला उचलवेना. योरामनं घेतला.

"दोदा! ताप उतरलाय. श्वास सरळ चाललाय म्हणतात. चहा मागितलाय!"

यांना घरी आणलं. मलिदा केला, नवस फेडला. हे बरे आहेत. श्वास एकसारखा, निजले तरी तसाच, जिना चढून आले तरी तसाच. वर थांबणं नाही. हाईम म्हटलं की बघतात, गोड हसतात. जुन्या नावाला मान वळत नाही.

"ईमा, अब्बा जिवंत आहेत," माझी लेक ओरा म्हणते. "अजून काय हवंय तुला?"

खरंच आहे. देवाकडे जे मागितलं ते मिळालं. तक्रार कुठल्या तोंडानं करू?

बंद पडलेला पंप स्टोअरमध्ये टाकलाय. वायरी काढल्यात, पाऱ्याची नळी दोन्हीकडून बुचं मारून भिंतीला टेकवली आहे. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिथे जाते. डोक्यावर पदर घेते, शेमा म्हणते, आणि मग हळूच ते नाव घेते.

पारा चढतो. वर किंचित थांबतो. मीही थांबते.