कबरीच्या तीन कुदळी

मयताच्या घरी आलेली वस्तू परत पाठवायची नाही, ही तेओपिस्ताच्या गावची रीत. कोणी केळ्यांचा घड आणो, कोणी सरपणाची मोळी, कोणी नुसता हुंदका; सगळं पदरात घ्यायचं. म्हणून भातगिरणीवाल्या दामुलिराचा ट्रक दारात थांबला आणि त्यातून तीन तंबू, दोनशे खुर्च्या, लाउडस्पीकर आणि एक जिवंत गाय उतरली, तेव्हा तेओपिस्ताने दात आवळून "आभारी आहे" म्हटलं. वर निरोपही होता : गाय मोठी आहे, एकूण एक होडीवाल्याला जेवायला बोलवा.

तिने बोलावलं. तिनेच. "भावाला खांदा द्यायला सगळे या," म्हणाली. हे तिला पुढे आयुष्यभर टोचणार होतं.

भाऊ म्हणजे व्हेनांसिओ ल्वासा. आई गेल्यावर तेओपिस्ताने त्याला पाठीवर बांधून वाढवला, तळलेले मासे विकून शाळेत घातला. आणि शाळा संपवून हा गडी काय करायला लागला, तर पाखरं बघायला! "पाखरं बघून पोट भरतं का रे?" ती विचारायची. त्या काळी दलदलीतले कोळी सकाळी सकाळी बुल्वे दिसला की वल्हंच उगारायचे. कमरेच्याही वर उंच, राखाडी, खडावांसारख्या चोचीचा तो पक्षी दिसला की दिवसभर जाळ्यात मासा येत नाही, अशी सगळ्यांची खात्री. व्हेनांसिओ एकेकाच्या होडीत जाऊन बसला. दोन वर्षं नुसता बसला. बुल्वे दिसलेल्या दिवशी आणि न दिसलेल्या दिवशी किती मासे पडले ते त्याने त्यांनाच मोजायला लावलं. हळूहळू वल्ही खाली आली. मग लांबलांबचे लोक तो पक्षी बघायला येऊ लागले, होडीवाल्यांच्या घरांवर पत्रे चढले, आणि सगळे म्हणू लागले की आमचं तर पहिल्यापासूनच पाखरांवर प्रेम.

तीन आठवड्यांपूर्वी तो तिच्या चुलीपाशी बसून म्हणाला होता, "ताई, बुल्वेचं पिलू अजून महिनाभर घरट्यातच असणार. उन्हाने भाजू नये म्हणून आई चोच भरभरून पाणी आणते आणि त्याच्या अंगावर ओतते. दलदलीत पाणी आणणाऱ्या नाल्याचं तोंड उघडं राहायला हवं. मी नसलो तर तू बघशील?"

"तू कुठे चाललायस?"

"कुठे नाही गं. बघशील ना?"

"बघते. मासा खा आधी."

परवा तो होडीतच गेला. छातीवर हात, गळ्यात दुर्बीण.

आता तो शवपेटीत होता, झाडाच्या सालीच्या तांबूस कापडात गुंडाळलेला, आणि दामुलिरा लाउडस्पीकरवर त्याच्याबद्दल बोलत होता. दामुलिराला ती दलदल आटवून भात लावायचा होता. परवाना मिळाला नव्हता, कारण व्हेनांसिओ चार वर्षं अर्जावर अर्ज करत होता आणि होडीवाले पाळीपाळीने नाल्याच्या तोंडावर राखण करत होते. तरी दामुलिराच्या तोंडी आज कौतुकच होतं.

"व्हेनांसिओ मला धाकट्या भावासारखा! आमचे मतभेद होते, कुठल्या भावांचे नसतात? मी आज शब्द देतो, माझ्या भाताच्या गिरणीला त्याचं नाव देईन."

पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. कंपालाहून आलेल्या साहेबांनी मान डोलावली. हेच साहेब व्हेनांसिओला कचेरीबाहेर सहा सहा तास बाकावर बसवायचे. मयताच्या अंगणात भांडू नये म्हणून तेओपिस्ता जागची हलली नाही.

तेवढ्यात जनरेटर खोकला आणि बंद पडला. दामुलिराचं तोंड हलत राहिलं, आवाज गेला. आणि त्या शांततेत दलदलीकडून दुसरा आवाज आला. धड, धड, खरर्र.

"हे काय?" तेओपिस्ता म्हणाली.

"ढग असतील, आत्या," कोणीतरी म्हणालं.

"ढग असे तालात गडगडतात होय?"

होडीवाल्यांचा म्होरक्या किग्गुंदू हातातली मांसाची वाटी खाली ठेवून उभा राहिला. "पोकलेन आहे. नाल्याच्या तोंडाशी बांध घालतायत. आत्या, आज राखणीला कोणीच नाही. आम्ही सगळे इथे... जेवतोय."

तेओपिस्ता उठली. साठीची बाई, गुडघे कुरकुरणारे, पण ती अशी उठली की पुढच्या रांगेतल्या साहेबाने पाय आत घेतले.

"दामुलिरा, पोकलेन कोणाचा?"

"बाई, आज दुःखाचा दिवस. कामाचं उद्या बोलू."

"बोलणं उद्या आणि काम आज? माझा भाऊ अजून जमिनीच्या वर आहे! मयत पुरेपर्यंत गावात कोणी माती उकरत नाही. दोन दिवस झाले, पेरणीचे दिवस असून एका बाईने कुदळ उचलली नाही. रताळी उकरायची नाहीत म्हणून पोरं कालची केळी खातायत. आणि तू आज तिथे खणतोयस? गाय पाठवून?"

दामुलिरा हसला. "कुदळीला मनाई आहे, बाई. यंत्राला कुठे आहे? यंत्र काय तुमच्या कुळातलं आहे?"

पुढच्या रांगेत दोघं खिदळले. मागे कोणी हसलं नाही.

कुळाचे वडील, म्हातारे वालाकिरा, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. झोपलेत असंच सगळ्यांना वाटत होतं. "ती वस्तू माती उकरते का?" त्यांनी विचारलं.

"उकरते, आजोबा."

"मग कुदळच ती. जरा अंगाने सुटलीय, एवढंच."

आता मात्र मागे हशा पिकला, आणि त्या हशाला दात होते. माणसं खुर्च्यांवरून उठू लागली. दामुलिराने ते पाहिलं आणि घाईने फोन लावला. थोड्या वेळाने धडधड थांबली.

"झालं समाधान? आता पुरून घ्या बिचाऱ्याला."

"नाल्यावर घातलेला बांध?"

"तो फोडायला कुदळी लागतील," दामुलिरा मधाळ आवाजात म्हणाला, "आणि तुमच्यात तर आज बंदी आहे ना? रीत म्हणजे रीत. उद्या बघू."

उद्या. उद्यापर्यंत नाला आटणार, पिलू उन्हात. तेओपिस्ताला भावाचाही राग आला. एवढं मोठं ओझं टाकून कोणी असं निघून जातं का? मासासुद्धा अर्धाच खाल्ला होता मेल्याने. तिची नजर केळीच्या बागेकडे गेली. तिथे तिघेजण अजून पुरी न झालेल्या कबरीत कुदळींवर रेलून ही सगळी गंमत बघत होते.

"आजोबा," ती म्हणाली, "कबरीच्या कुदळींना तर बंदी नाही?"

"त्यांना कशी असेल?"

"कबर झालीय का रे?" तिने बागेकडे ओरडून विचारलं.

"हातभर राहिलीय!"

"राहू दे; कबर अपुरी तोवर कुदळी कबरीच्याच. कुदळी घेऊन इकडे या."

"अहो, बांध म्हणजे काय कबर आहे का?" दामुलिरा ओरडला.

"कबरच आहे. माझा भाऊ इथे पडलेला असताना तू त्याची तिथे दुसरी कबर मांडलीस. एका माणसाला दोन कबरी आमच्यात चालत नाहीत."

वालाकिरांनी काठी आपटली. त्या काठीचा अर्थ गावात सगळ्यांना कळतो.

शवपेटीपाशी बायका बसल्या. "थांबेल तो," तेओपिस्ता त्यांना म्हणाली. "जन्मभर पाखरांची वाट बघत थांबलाच की." पेटीवर ठेवलेली दुर्बीण तिने गळ्यात अडकवली आणि किग्गुंदूच्या होडीत बसली. मागे अकरा होड्या.

कुदळी तीनच आणि माणसं चाळीस. एकाचे हात दमले की दुसरा घ्यायचा. बाकीचे हातांनी, वल्ह्यांनी चिखल ओढत होते. पोकलेनचा ड्रायव्हर, परगावचा बापडा, आधी बघत बसला. मग खाली उतरून विचारू लागला, "कोण गेलं?" सांगितल्यावर त्याने टोपी काढली. तेओपिस्ताने त्याला सोडलं नाही. "टोपी नको काढूस. चिखल काढ."

ऊन कललं तेव्हा बांध फुटला. पाणी आधी बोटभर, मग हातभर, मग पपायरसची मुळं हलवत आत शिरलं.

तेओपिस्ताने दुर्बीण डोळ्यांना लावली. तिला नुसता राखाडी डाग दिसला. दुर्बीण कशी फिरवायची ते भावाने वीस वेळा शिकवलं होतं आणि ती वीस वेळा "मला काय करायचंय" म्हणाली होती.

"किग्गुंदू, बघ बरं. आहे का?"

तो बराच वेळ बघत राहिला. "आई आहे. पिलूही आहे, मान वर करतंय."

"आई काय करतेय?"

"उभी आहे."

"नुसतीच उभी?"

"बुल्वे दुसरं काय करतो, आत्या?"

तिला हसू आलं आणि त्याचाच राग आला. तिने डोळे पुसले, चिखल गालभर पसरला.

"चला, राहिलेली हातभर कबर खणा. आज रात्रीपासून राखण पुन्हा सुरू; पहिली पाळी माझी. आणि दामुलिराला सांगा, गाय खाल्ली ती खाल्ली. मयत पुरल्यावर घर मयताचं राहत नाही, मग वस्तू परत करायला रीत आड येत नाही. तंबू आजच उचल म्हणावं."