कराड दुसऱ्या नंबरवर

किशोरी दारात कोळंबी सोलत बसली होती. अल्पेशने पेढ्यांचा बॉक्स तिच्यापुढे धरला. त्याच्या लेकीला, रुचिताला, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज लागलं होतं. किशोरीचे हात ओले, म्हणून तिने आ केला आणि धाकट्या भावाने तिच्या तोंडात पेढा घातला. रेवसच्या धक्क्यावर मासळी विकून तिनेच शिकवलेला हा भाऊ, घरातला पहिला डिग्रीवाला.

पेढा गोड लागेना, याची तिला लाज वाटली. कराड खरं तर तिच्या लेकीला, प्राप्तीला हवं होतं. पोरगी हुशार, पण बड्या नावाच्या कॉलेजांपर्यंत मार्क पोचत नव्हते. अशांना राज्यातल्या राज्यात चांगलं म्हणजे तेच. दोघी मामे-आते बहिणींत एकोणीस-वीसचा फरक, आणि वीस प्राप्तीकडे.

घोळ किशोरीनेच घातला होता. मासळीच्या लिलावात ज्या पाटीवर जीव आहे तिच्याकडे आधी बघायचंच नाही. दुसऱ्याच मासळीची घासाघीस करायची, मग सहज म्हणून तिच्यावर हात ठेवायचा. उभा जन्म असे सौदे केलेल्या बाईने प्रवेशाच्या फॉर्मात कॉलेजांचा क्रम लावतानाही तेच सांगितलं. पेणकडचं, घराजवळचं आधी. कराड त्याच्या खाली. अल्पेशने तस्संच भरलं. प्राप्तीला पेणकडचंच लागलं. पहिलं नाव लागलं की पुढची दारं बंद, हा नियम तिला निकालानंतर कळला. तेव्हापासून लेकीला जेवायला वाढतानाही तिची नजर वर उठत नव्हती.

अल्पेश पायरीवर टेकला आणि रुचिताच्या हॉस्टेलचं सांगत सुटला. बोलण्याच्या भरात म्हणाला, तिचं कराड त्याने पहिल्या नंबरवरच टाकलं होतं, हवं ते वरच टाकायचं असतं.

किशोरीचा हात थांबला.

"कवा भरलंस तिचं?"

"प्राप्तीच्या आदल्या दिवशी."

"म्हंजे तुला म्हायती होतं."

त्याने बॉक्सचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"ताई, तू सांगितलंस तसंच केलं. मला वाटलं, तुला पोरगी जवळ हवी."

परक्याने गळा कापला असता तर तिने ओरडून सगळा धक्का गोळा केला असता. इथे सख्ख्या भावाने केसाने कापला, आणि तोही तोंडात पेढा घालून. तो आणखी काही पुटपुटला, उरलेले पेढे उंबऱ्यावर ठेवून निघून गेला.

प्राप्ती आतून येऊन शेजारी बसली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी अडाणी गं," किशोरी म्हणाली. "तू तरी मामाला विचारायचंस."

"विचारलं होतं. फॉर्म भरताना तू बाहेर रिक्षा थांबवायला गेलीस तेव्हा. म्हटलं, मामा, हवं ते वर नको का? तर म्हणाला, आई सांगते तेच बरोबर."

"आन् इतके दिवस मला बोलली न्हायस? मी रोज सोताला शिव्या घालते, बघत होतीस ना?"

"बघत होते."

"मग?"

प्राप्तीने एक कोळंबी उचलली आणि सोलायला घेतली.

"तुला भाऊ एकच हाय ना, आई."