मोरीच्या बोळ्याची गोष्ट

या मित्रांनो, जरा जवळ सरका. नाक मुरडू नका, मी आज धुऊन वाळलेला आहे. भरलं आभाळ पाहून मोरीकडे धावणाऱ्या एका बाईची, आणि तिच्या घरी झालेल्या एका कीर्तनाची गोष्ट सांगतो.

मी एक जुना बोळा आहे. मोरीच्या भोकात कोंबायचा, चिंध्यांचा. पण जन्माने मी बोळा नाही बरं! उमरेडच्या एका मागावर, धोट्याच्या खटखटाटात मी विणला गेलो. हिरवंगार लुगडं होतो मी, तांबड्या किनारीचं. रुखमाबाई मला नेसून सासरी आली. सासर उमरेडजवळच्याच खेड्यात, शेतीचं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत ढग गडगडले की ती अंगणात यायची, तोंड वर करायची आणि म्हणायची, "ये गा देवा, ये!" आम्ही दोघं चिंब व्हायचो. पाऊस म्हणजे देव, असं मी तेव्हाच शिकलो.

पुढे तिच्या मधुकररावांना नागपुरात गिरणीत काम लागलं आणि नाल्याजवळच्या एका सखल गल्लीत बिऱ्हाड झालं. तिथला रस्ता दर दोन-चार वर्षांनी मुरूम-डांबर खाऊन जाडजूड व्हायचा, घरं मात्र होती तिथंच राहायची. वरच्या वस्त्यांतला केर, राख, देवाची फुलं, सारं वाहत खाली यायचं आणि गटाराच्या तोंडाशी ठाण मांडून बसायचं. मग पाऊस कसा यायचा माहीत आहे? वरून नाही, मोरीतून! काळं पाणी उलटं चढायचं आणि चुलीपर्यंत पोचायचं. त्याच पावसाला रुखमाबाई आता म्हणायची, "आला वं, आला मेला!"

तोवर मी विरलो होतो. माझी गोधडी झाली, गोधडीही फाटली, आणि उरलेल्या चिंध्यांचा पीळ घालून तिने मला मोरीत बसवलं. मित्रांनो, आधी मला फार वाईट वाटलं. कुठे ती किनार, कुठे हे भोक! पण मी घट्ट बसलो की घर कोरडं राहतं हे कळलं, आणि तेही काम मला आवडू लागलं.

एका साली तिची लेक गोपिका तापाने फणफणली. रुखमाबाईने नवस बोलला, "पोर उठू दे, श्रावणात घरी कीर्तन करीन." पोर उठली. श्रावण आला. रामाजीबुवांना बोलावणं गेलं.

कीर्तनाच्या दुपारी नणंद यमुताई घर आवरत होती. मला पाहून तिने कपाळावर हात मारला.

"वैनी, बुवाचे पाय धुवायचे इथं, अन् हे काय चिंधुक कोंबलं वं? पाणी जाईन कुठून? लोकं काय म्हणतीन?"

"राहू द्या ना, यमुताई. आभाळ भरून राहिलं."

"देवाचं काम हाय. आज नाही येत तुमचं पाणी!"

झालं! तिने मला उपसलं, खसाखसा धुतलं आणि खोलीतल्याच दोरीवर टांगलं. बुवांचे पाय धुतले गेले, पाणी झरझर वाहून गेलं. यमुताईने वहिनीकडे असं पाहिलं की जणू लढाईच जिंकली.

खोली माणसांनी भरली. बुवांनी झांज उचलली. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, उत्तररंगात कृष्णजन्माची कथा आली. वसुदेव टोपलीत बाळ घेऊन यमुनेत उतरला आणि बाहेर पाऊस कोसळू लागला. मोरी गुळगुळ बोलू लागली. दोरीवरून मला सगळं दिसत होतं, पण करू काय?

आता आमच्याकडची रीत अशी, की आरती होईपर्यंत श्रोत्याने उठायचं नाही. उठलं की कीर्तन मोडलं. आणि कीर्तन मोडलं की रुखमाबाईचा नवस अधुराच! पाणी आलं. बायांनी पदर वर घेतले. पुरुषांनी धोतरं सावरली. यमुताई तर डोळे मिटून पाण्यातच बसून राहिली. रुखमाबाई एकदा मोरीकडे बघे, एकदा माझ्याकडे, एकदा लेकीकडे. तिचे डोळे भरून आले. पण उठेना.

बुवांचे घोटे भिजले. त्यांनी खाली पाहिलं आणि झांज थांबवली.

"मायबाप हो, यमुना बाळाच्या पायाले लागली अन् उतरली. हे त माह्या पायाले लागून राहिली, अन् मी काही देव नाही! हे उतरत नसते!"

खोली खदखदून हसली.

"उठा रुखमाबाई, बोळा घाला. मी सांगून राहिलो, आज उठणाऱ्याले दोष नाही. तुम्ही पाणी काढा, आम्ही नाम घेतो. कीर्तन कुठं मोडते?"

विठ्ठलनामाचा गजर सुरू झाला. रुखमाबाईने मला दोरीवरून ओढलं, पीळ घातला आणि दोन्ही हातांनी मोरीत दाबलं. मी जीव खाऊन बसलो! मधुकररावांनी बादली घेतली, बायांनी पराती घेतल्या, आणि झांजेच्या तालावर उंबरठ्यापलीकडे पाणी उडू लागलं. सगळ्यांत मोठी परात यमुताईची.

"वैनी, तोंडातून एक शब्द काढू नका!"

"मी कुठं काही म्हटलं?" रुखमाबाई म्हणाली, आणि हसत सुटली.

वसुदेव गोकुळात पोचला. ओल्या जमिनीवर उभं राहून सगळ्यांनी आरती केली. नवस फिटला. मग रुखमाबाई प्रसाद घेऊन दारात गेली, कितीतरी वर्षांनी तोंड वर केलं आणि म्हणाली, "ये गा देवा, ये. पण दारातून ये!"

आता गोपिकेचं घर नागपुरातच, प्रताप नगरात, उंचावर आहे. म्हातारी रुखमाबाई तिथे राहते, आणि तिने मलाही सोबत आणलं. इथे मोरीतून पाणी येत नाही. तरी ढग वाजले की तिचा हात मला शोधतो. गोपिका हसते, "माय, आता काहून? इथलं पाणी त सारं उतरून जाते."

परवा म्हातारी म्हणाली, "उतरून जाते वं. पण कोणाच्या घरी?"

गोपिकेच्या हातात देवावरची कालची फुलं होती. गटारात टाकायला निघालेली ती फुलं तिने तुळशीच्या बुडाशी टाकली.

मित्रांनो, पावसात खुशाल नाचा. देवच तो! पण नालीत केर लोटताना हात जरा थांबवा, आणि खालच्या गल्लीत, मोरीपाशी, दोन्ही हातांनी चिंध्या दाबून बसलेल्या त्या बाईची आठवण ठेवा.