ओठांतल्या टाचण्या

मास्तरांची शिलाई सरळ आणि बोलणं तिरकं, असं गिऱ्हाइकंच म्हणायची. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तीन वर्षांपूर्वी लेकीनं स्वतःच्या पसंतीचं लग्न ठरवलं, तेव्हा मास्तर नाही नाही ते बोलले. ती गेली ती गेलीच. नंबरही बदलला. मग मास्तरांच्या छातीत धडधड सुरू झाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "हृदय ठणठणीत आहे, मास्तर. डोक्यात विचारांची गर्दी झाली, राग आला, की आधी थांबायचं. मग बोलायचं."

थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते बाईंनी काही सांगितलं नाही. मास्तरांनी आपल्यापुरती युक्ती काढली. डोकं तापलं की आठ-दहा टाचण्या ओठांत धरायच्या आणि एकेक काढून डबीत ठेवायची. शेवटची निघेपर्यंत माणूस थंड. गिऱ्हाइकं सुटली, बायको सुखावली.

आज भर दुपारी लेक दुकानाच्या दारात उभी राहिली. हातात बॅग, मनगट काळंनिळं.

"बाबा, मी इथं राहू का?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावयाचं तोंड डोळ्यांपुढे आलं, छाती धडधडू लागली. आता तोंड उघडलं तर 'सांगत होतो ना मी!' हेच बाहेर पडणार आणि पोर पुन्हा जाणार. काही झालं तरी ते बोलायचं नाही. त्यांनी चिमूटभर टाचण्या ओठांत धरल्या, मान खाली घातली आणि एकेक काढू लागले.

ओरडणारा बाप लेकीला पाठ होता. गप्प बसलेला तिनं कधी पाहिलाच नव्हता.

"बाबा?"

मास्तरांनी पंजा वर केला. थांब, एवढंच म्हणायचं होतं बिचाऱ्यांना. तिला तो 'पुरे' वाटला.

"कळलं," ती म्हणाली आणि वळली.

टाचण्या थुंकून मास्तर रस्त्यावर धावले, तोवर समोरच्या थांब्यावरून तिला घेऊन बस सुटली होती. ते हाका मारत राहिले. लोक बघत राहिले.

परत आले तर बायको जिन्यावरून लगबगीनं उतरत होती. हातात धुतलेली चादर, चेहरा नुसता फुललेला.

"तिचाच आवाज ना? मी मुद्दामच आले नाही खाली. म्हटलं, बापलेकीचं होऊन जाऊ दे. आणि अहो, तुम्ही चक्क ओरडला नाहीत! कुठंय ती?"